विस्तव : एका शब्दाची फिर्याद

शब्दांनाही जात असते. 'अग्नी' यज्ञवेदीवर बसला, 'विस्तव' चुलीत राहिला. 'निखारा' आपल्या कवींनी उचलला, आणि इतका फिरवला की आता त्याची धग हाताला लागत नाही. म्हणून या शब्दांचा चुलीजवळचा इतिहास तपासला पाहिजे.

यातला जुना शब्द 'इंगळ'. संस्कृत 'अंगार', प्राकृत 'इंगाल', त्यातून हा आला. वऱ्हाडात 'ळ'चा 'य' होऊन 'इंगय' झाला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मराठीच्या शेजारी गोंडी नांदते, सिरोंच्याकडे तेलुगू. तिथे विस्तवाला 'निप्पू' म्हणतात. भाषा वेगळ्या, गरज एकच. आगपेटी घरोघर पोचण्यापूर्वी रात्री निखारा राखेखाली झाकून ठेवीत. सकाळी तो विझलेला निघाला की बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी जाई. विस्तव देणाऱ्याचे काहीच कमी होत नाही. इतके साधे मागणे ते! म्हणूनच हाडवैर सांगताना मराठी माणूस म्हणतो, 'त्यांच्यात विस्तव जात नाही.'

शाळेच्या पुस्तकात हा वाक्प्रचार दोघांच्या भांडणाचा. गावकुसाबाहेरच्यांना मात्र कुणाशी न भांडताच तो भोगावा लागला. पाणी विटाळते म्हणून पाणवठा बंद, हे धर्माचे समर्थन. पण अग्नी तर पावन करणारा, असे तोच धर्म सांगतो. तरीही वाळीत टाकताना आग आणि पाणी दोन्ही तोडीत. म्हणजे विटाळ ही सबब होती. तोडायचे होते माणसाशी माणसाचे देणेघेणे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला महाराष्ट्राला २०१६ साल उजाडावे लागले.

जंगलात विस्तव तोडला तो सरकारने. १९२७ हे आपल्याला महाडचे वर्ष म्हणून पाठ आहे : मार्चमध्ये चवदार तळे, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. याच वर्षी सप्टेंबरात भारतीय वन कायदा आला. त्याच्या कलम २६ने राखीव जंगलात, वनाधिकाऱ्याने ठरवून दिलेला हंगाम सोडून, विस्तव पेटवणे, बाळगणे, अगदी नुसता घेऊन जाणेही गुन्हा ठरवले. कोळसा पाडणेही त्यातच आले. चांदा जिल्ह्यात लोहखनिज गाळणाऱ्या भट्ट्या याच लाकडी कोळशावर चालत. विलायती लोखंड आणि जंगलबंदी यांच्या कात्रीत त्या आधीच विझत आल्या होत्या.

वणवा लागला की बोट मोह वेचणाऱ्याकडे जाते. मोहाखालचा पाचोळा लोक जाळतात आणि त्यातून वणवे लागतातही; हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या जंगलात आदिवासीचा निखारा गुन्हेगार, त्याच जंगलातला बांबू बल्लारपूरच्या कागद गिरणीला राजरोस जात होता, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

२००६च्या वनहक्क कायद्याने जंगल राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक हक्क मिळाला. कलम २६ मात्र आजही कायद्याच्या पुस्तकात आहे.