घड्याळाचे दोन कांटे

मुलास घड्याळ वाचावयास शिकवितांना आपण बहुधा शेवटापासून आरंभ करतों. साठ मिनिटांची गोष्ट पहिल्याच दिवशीं सांगतों, आणि ‘तीन’ या आंकड्यास एकदां तीन व एकदां पंधरा म्हणावें हें कोडें त्याच्यापुढें टाकतों. वस्तुतः मनुष्यानें ही विद्या ज्या क्रमानें मिळविली, तोच क्रम बालबुद्धीस मानवतो असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडे काळ आधीं ऐकूं येत असे. घंगाळांतील पाण्यावर सोडलेलें सच्छिद्र पात्र बुडालें कीं एक घटका भरे. अशा साठ घटकांचें अहोरात्र, म्हणजे अडीच घटकांचा एक तास. काळाचा टोल पडे, म्हणून आपण अद्यापि ‘किती वाजले?’ असेंच विचारतों. युरोपांतील जुन्या घड्याळांसही बहुधा तासाचा एकच कांटा असे; १६५६ सालीं हायगेन्सनें लंबकाचें घड्याळ योजिल्यानंतर मिनिटकांटा रूढ झाला.

नागपूर प्रांतास मिनिटाची किंमत आगगाडीनें शिकविली. भुसावळहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा फांटा १८६७ सालीं नागपुरास पोंचला. त्याच मार्गावरील सिंदी तर ‘रेल्वे’ हा शब्द आपल्या नांवांतच वागविते. सूर्य डोक्यावर आला कीं मध्यान्ह, हा शेतकऱ्याचा हिशेब. गाडी मात्र त्या हिशेबानें चालत नाहीं. १९०६ पासून प्रमाणवेळ ८२½ अंश रेखांशावरून धरण्यांत येऊं लागली. त्यामुळें सिंदीचा खरा मध्यान्ह घड्याळांत बारा वाजल्यानंतर सरासरीनें सुमारें पाव तासानें होतो.

म्हणून मुलास प्रथम टोल मोजूं द्यावे; मग केवळ तासकांटा दाखवावा; नंतर पाव, अर्धा, पाऊण. पंतोजींच्या शाळेंत पावकी-निमकी पाठ होत असे. सव्वा, साडे, पावणे हे शब्द मुलास घरींच मिळतात. मिनिटें सर्वांत शेवटीं यावीं.

आंकडी घड्याळांत ३:४५ असें दिसतें. त्यांत येणाऱ्या ‘पांचव्या प्रहरा’ची नव्हे, साध्या चाराचीही खूण नाहीं. तबकडीवर मात्र तासकांटा चाराजवळ पोंचलेला असतो, आणि ‘पावणेचार’ हा शब्द डोळ्यांस दिसतो. आजीनें ‘पावणेचारला उठीव’ म्हणावें आणि नातवास तें कळूं नये, ही हानि केवळ गणिताची नाहीं. घरच्या भिंतीवर कांट्यांचें एक घड्याळ असावें, तें एवढ्यासाठीं.