वहिवाट आणि सनद

जमिनीच्या कज्ज्यात सनद श्रेष्ठ की वहिवाट श्रेष्ठ, यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वकिलांची घरे चालली. विद्येच्या प्रांतात मात्र सनद आधी आणि अधिकार मागाहून, हा क्रम आपण निमूटपणे मान्य केलेला आहे. संगणकशास्त्राचे जुने दप्तर उघडले की हा क्रम उलटा पडतो. या मुलखात जे प्रथम आले त्यांनी आधी रान तोडले आणि जमीन कसली. तिला नाव मिळून तिच्या सनदा वाटल्या जाऊ लागल्या त्या पुष्कळ उशिरा. त्यामुळे या विषयात डॉक्टरेट कशासाठी घ्यावयाची, या प्रश्नाचे उत्तरही काळागणिक पालटत गेलेले दिसते.

केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या देखरेखीखाली बांधलेले ‘एडसॅक’ हे यंत्र मे १९४९ मध्ये चालू झाले, तेव्हा डेव्हिड व्हीलर हे तरुण गणिती तेथे संशोधन करीत होते. यंत्र चालते खरे, परंतु प्रत्येक नव्या गणितासाठी आज्ञांची तीच माळ पहिल्या मण्यापासून ओवावी लागते, आणि ओवताना एखादा मणी हटकून चुकतो, ही तेथील नित्याची अडचण होती. वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे छोटे गट एकदाच लिहून ठेवावेत, मुख्य आज्ञावलीने गरज पडेल तेव्हा त्या गटाकडे जावे आणि काम आटोपताच सोडलेल्या जागी अचूक परत यावे, अशी युक्ती व्हीलर यांनी बसविली. आणि आज जगातील जवळजवळ कोणतीही आज्ञावली या युक्तीवाचून उभी राहत नाही. एडसॅकवरील प्रबंधाबद्दल १९५१ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली, आणि संगणकविषयातील ती पहिलीच, असे पुष्कळांचे मत आहे. पण ज्या विषयाची ती डॉक्टरेट म्हणावयाची, त्या विषयाचे नावच अद्याप रूढ झालेले नव्हते. व्हीलर यांना हवी होती ती अडचणीतून सुटका. पदवी त्या सुटकेच्या मागोमाग आली.

मुंबईचा दाखला याहूनही बोलका आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन १९५४ साली रुजू झाले ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची गणितातील डॉक्टरेट घेऊन. संगणक बांधण्याची सनद त्यांच्यापाशी नव्हती, आणि ती देऊ शकेल असा विभाग या देशात तर नव्हताच. तरीही त्यांच्या छोट्या तुकडीने आधी एक नमुनायंत्र उभे केले आणि मग सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक यांचा सरंजाम जुळवून अठरा फूट लांबीचा पूर्ण संगणक १९६० साली कामाला लावला. ‘टिफ्रॅक’ हे त्याचे नाव १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ठेवले. यंत्र बांधणे हीच त्या मंडळींची पाठशाळा होती. तिची परीक्षा घेण्यास परीक्षक आणावा तरी कोठून?

अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९६२ साली संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग काढला, आणि मग सनदांचा काळ सुरू झाला. ७ जून १९६५ या एकाच दिवशी सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाने अर्व्हिंग टँग यांना व विस्कॉन्सिन विद्यापीठाने मेरी केनेथ केलर यांना या विषयातील डॉक्टरेट बहाल केली. यांपैकी केलर या कॅथलिक धर्मभगिनी होत्या. १९३२ साली धर्मसंघात प्रवेश केलेल्या या बाईंनी गणिताच्या पदव्या मिळविल्या, बीजगणितीय पदावलीचे विकलन यंत्राकडून करविण्याच्या रीतींवर प्रबंध लिहिला, आणि एवढी विद्या हाती आल्यावर एखाद्या मोठ्या विद्यापीठाची वाट न धरता आयोवा राज्यातील डुब्यूक गावच्या क्लार्क कॉलेजात, म्हणजे आपल्या धर्मसंघाच्याच कॉलेजात, संगणकशास्त्राचा विभाग काढून त्याचा कारभार सुमारे वीस वर्षे सांभाळला. व्हीलर यांना यंत्राने छळले म्हणून ते संशोधनाकडे वळले असे म्हणता येईल. केलर यांचा हेतू निराळा होता. यंत्र पुढे शिक्षणाच्या कामी येणार हे त्यांनी ओळखले होते, आणि शिकविण्याचा अधिकार पक्का व्हावा म्हणून त्यांनी सनद घेतली असावी. मला स्वतःला या सगळ्या इतिहासात हीच प्रेरणा अधिक आदरणीय वाटते.

आता आपल्याकडचा मामला सनदेचाच आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयात सहयोगी प्राध्यापकाचा हुद्दा हवा तर नियमाप्रमाणे डॉक्टरेट लागते. तेव्हा दिवसा तास घेऊन, प्रात्यक्षिकांच्या वह्या तपासून, रात्री पोरे निजल्यावर प्रबंधाची प्रकरणे लिहिणारे अध्यापक पुण्या-नागपुरापासून कोल्हापुरापर्यंत गावोगाव आढळतात. बढतीसाठी विद्या, म्हणून त्यांना हिणविणारे हिणवोत. हुद्द्याच्या आशेने बसलेला मनुष्य तिसऱ्या-चौथ्या वर्षी एखाद्या प्रश्नात असा गुंतत जातो की हुद्द्याचे त्याला विस्मरण पडते, असे मी पाहिले आहे. आणि सनद मिळताच प्रश्न फडताळात टाकून देणारेही पाहिले आहेत. अर्ज भरण्याआधी बहुतेक जण एकच सबब पुढे करतात, की आता वय झाले. त्यांना मी केलर यांचे विस्कॉन्सिनमधील पदवीच्या दिवशीचे वय सांगतो: एक्कावन्न.