दोन मापांचा कागद

ज्या कागदावर लांबीला एक माप आणि उंचीला दुसरे माप लावलेले असते, तो कागद भूमितीच्या दृष्टीने सदोषच म्हणावा लागेल. परंतु गेल्या दोन शतकांत लोहमार्ग, कालवे, जलवाहिन्या आणि हमरस्ते यांचा बहुतेक कारभार याच सदोष कागदावर चालत आलेला आहे, आणि इंग्लंडच्या पार्लमेंटने तर आपल्या स्थायी नियमांत या दोषाला जणू सनदच बहाल केली होती.

लोहमार्ग बांधण्याची अनुज्ञा मागणाऱ्या कंपनीने आपल्या विधेयकासोबत मार्गाचा नकाशा आणि जमिनीचा उभा छेद दाखल करावा, नकाशा मैलाला निदान 4 इंच या प्रमाणात असावा, छेदाचे आडवे प्रमाण नकाशाबरहुकूम ठेवावे, उभे प्रमाण मात्र 100 फुटांस निदान 1 इंच असावे, असा त्या नियमांचा दंडक होता. हिशेब करू जाता उंची लांबीच्या मानाने तेरापटीहून किंचित अधिक फुगते. 1845 च्या 30 नोव्हेंबरला, मुदतीच्या अखेरच्या दिवशी, ज्या शेकडो योजनांची दफ्तरे बोर्ड ऑफ ट्रेडच्या दारी येऊन पडली, त्यांतील इंग्लंडच्या सौम्य टेकड्या असा हिमालयाचा आव आणूनच सरकारदरबारी रुजू झाल्या.

हा आव आवश्यक का होता, हे आपल्या बोरघाटावरून उत्तम कळते. जेम्स बर्कले यांच्या योजनेप्रमाणे बांधलेली आणि 1863 साली खुली झालेली ती लोहमार्गाची चढण 15 मैल 68 साखळ्या लांब होती आणि तेवढ्या अंतरात गाडी 1831 फूट वर चढे. पार्लमेंटच्या प्रमाणांत ती मांडून पाहावी. मैलाला 4 इंच या मापाने कागद सव्वापाच फूट लांब होतो. उंचीलाही तेच माप लावले, तर सबंध सह्याद्री त्यावर दीड इंचाच्या आत आटोपतो, आणि इंचाच्या शंभराव्या हिश्शाएवढी जाड रेघ ओढली तरी तेरा फुटांचा भराव तिच्या पोटात गडप होतो. कोठे खोदाई, कोठे भराव, कोठे बोगदा, हे ज्याला ठरवावयाचे आहे त्याला असल्या प्रामाणिक कागदाचा उपयोग काय? उंची शंभर फुटांस इंच घेतली की तोच घाट अठरा इंच उभा राहतो आणि त्याच्या पोटातील गोष्टी दिसू लागतात.

किंमत अर्थात मोजावी लागते. बोरघाटातील 37 फुटांस 1 फूट ही सर्वांत तीव्र चढण प्रत्यक्षात दीड अंशाची. या कागदावर ती वीस अंशांच्या आसपास भासते. म्हणून छेदावर कोनमापक लावण्यात अर्थ नसतो आणि चढणीचे प्रमाण आकड्यांत लिहावे, असे त्याच नियमांनी फर्मावले होते. सरळ रेघ सरळच राहते, मध्यबिंदू मध्यबिंदूच राहतो. परंतु आडव्या-उभ्या रेघांमधील काटकोन तेवढा टिकतो, चढणीवरचा काटकोन मोडतो, आणि वर्तुळ तर वर्तुळ राहतच नाही. ज्या आडव्या छेदांवरून मातीकामाचे क्षेत्रफळ काढून ठेकेदाराचे देयक ठरावयाचे, ते मात्र सामान्यतः दोन्ही दिशांना एकाच मापाने काढीत. पैशाच्या प्रश्नी अतिशयोक्ती कोणाला परवडते?

1982 साली ऑटोकॅड ही आरेखनाची संगणकप्रणाली बाजारात आली, तेव्हा हा जुना प्रश्न संगणकाच्या पडद्यावर नव्याने उभा राहिला. वस्तू लहानमोठी करण्याची तिची ‘स्केल’ ही आज्ञा एकच गुणक घेते. दोन दिशांना दोन गुणक द्यावयाचे, तर आकृतीचा ‘ब्लॉक’ बांधून तो घालताना एक्स आणि वाय यांची मापे वेगवेगळी सांगावी लागत, आणि वाय न सांगितल्यास ते एक्सबरहुकूम धरले जाई. अशा ताणलेल्या ब्लॉकचे पुन्हा सुटे भाग करू गेल्यास जुन्या आवृत्त्या साफ नकार देत. मला हा नकार सयुक्तिक वाटतो, कारण ताणलेले वर्तुळ म्हणजे लंबवर्तुळ, आणि 1994 च्या तेराव्या आवृत्तीपूर्वी त्या प्रणालीपाशी खरे लंबवर्तुळच नव्हते. वर्तुळखंडांचे तुकडे जोडून ती त्याचा भास निर्माण करी. खरे लंबवर्तुळ आले त्याच आवृत्तीत ती मनाईही उठली.

उदाहरणार्थ, जलवाहिनीच्या लाँग सेक्शनमध्ये, म्हणजे तिच्या उभ्या छेदात, आडवे प्रमाण 1:1000 आणि उभे 1:100 असताना, आडव्या जाणाऱ्या मीटरभर व्यासाच्या नळाचे तोंड एक मिलिमीटर रुंद व दहा मिलिमीटर उंच असे काडीसारखे दिसते. वर्तुळाचा ब्लॉक वाय दिशेने दसपट केला की ते आपोआप साधते. मात्र ब्लॉकच्या आत नळाचा व्यास लिहून ठेवला असेल, तर अक्षरेही दसपट उंच होऊन वाचेनाशी होतात, म्हणून जाणता ड्राफ्ट्समन मजकूर ब्लॉकच्या बाहेर, कागदाच्या मापाने लिहितो.