पिंजऱ्याचे माप

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हस्त्यध्यक्ष नावाचा एक अधिकारी आहे. हत्तींची शाळा केवढी बांधावी, हे ग्रंथकाराने त्याला मोजून दिले आहे. हत्तीच्या लांबीच्या दुप्पट उंची, तितकीच रुंदी आणि तितकीच लांबी. चारा किती द्यावा, तेल, तूप व मीठ किती, स्नान दिवसाच्या कोणत्या प्रहरी घालावे, हाही तपशील तेथे आहे. यात भूतदयेपेक्षा व्यवहार अधिक होता, हे उघड आहे. हत्ती लढाईत लागे. म्हणून त्याचा निवारा राज्याच्या चिंतेचा विषय होता. केवळ पाहण्यासाठी कोंडलेल्या पशूच्या वाट्याला असे नेमके माप येण्यास मात्र या देशात १९९२ साल उजाडावे लागले.

मधल्या काळात पशुशाळा पुष्कळ झाल्या. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी सवाई माधवराव पेशव्यांचा शिकारखाना होता, आणि तेथील गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुणेकर चित्रकाराने १७९० च्या सुमारास रेखाटून ठेवले आहे. अशा शिकारखान्यांतील जनावरांचे बरेवाईट सर्वस्वी धन्याच्या हौसेवर अवलंबून असे. पुढे इंग्रजी अमदानीत मद्रासला १८५५ साली, त्रिवेंद्रमला १८५७ साली आणि कलकत्त्यास अलीपूर येथे १८७६ साली सार्वजनिक प्राणिसंग्रहालये उघडली. मुंबईत भायखळ्याला १८६२ साली खुली झालेली राणीची बागही पुढे प्राण्यांमुळेच घरोघरी माहीत झाली. धनी बदलला, राजाच्या जागी तिकीट काढून येणारा प्रेक्षक आला. पिंजऱ्यातल्या प्राण्याच्या दृष्टीने या बदलाचे फारसे महत्त्व नव्हते.

या काळात एका माणसाने मात्र प्रश्न नीट ओळखला होता. रामब्रह्म सान्याल हे कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी. दृष्टी अधू झाल्यामुळे त्यांना शिक्षण अर्ध्यावर सोडावे लागले, आणि ते अलीपूरच्या नव्या बागेत नोकरीस लागले. आरंभी त्यांचे काम मजुरांवर देखरेख करण्याचे होते. पुढे ते तेथील अधीक्षक झाले. कोणत्या प्राण्याने काय खाल्ले, तो कशाने आजारी पडला, थंडीत त्याला कोणती जागा मानवली, याची त्यांनी चिकाटीने टिपणे ठेवली. १८८९ साली त्यांच्या बागेत सुमात्रा जातीच्या गेंड्याचे पिलू जन्मले. बंदिवासात त्या जातीचे पिलू जन्मून वाढल्याची पुढची घटना घडली ती २००१ साली, अमेरिकेतील सिनसिनाटी येथे! सान्यालांची टिपणे १८९२ साली बंगाल सरकारच्या छापखान्यातून ग्रंथरूपाने बाहेर आली. बंदिस्त प्राण्यांची निगा कशी राखावी, हाच त्या ग्रंथाचा विषय. सरकारी छापखान्याने तो छापला खरा. परंतु इतर बागांनी त्याप्रमाणे वागावे, असा नियम कोणत्याही सरकारने केला नाही. ज्ञान होते, हुकूम नव्हता.

स्वातंत्र्यानंतरही चित्र लगेच पालटले नाही. राज्यसभेच्या सदस्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी नेटाने पाठपुरावा केल्यामुळे १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. ज्या पिंजऱ्यात प्राण्याला पुरेशी हालचाल करता येत नाही, असा पिंजरा वापरणे या कायद्याने गुन्हा ठरले. परंतु पुरेशी म्हणजे किती, हे सांगितले गेले नाही. शिवाय खेळ करून दाखविणाऱ्या प्राण्यांसंबंधीच्या प्रकरणातून प्राणिसंग्रहालये स्पष्टपणे वगळण्यात आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानेही मूळ रूपात रानातल्या प्राण्याचीच काळजी वाहिली. प्राणिसंग्रहालयांसाठी रानातून प्राणी पकडण्याचा परवाना मिळण्याची तरतूद त्यातच होती. इकडे नगरपालिका, कारखाने, देवस्थाने यांच्या बागांतून चार हरणे, एखादा बिबळ्या आणि माकडांचा एक पिंजरा एवढ्यावर 'झू' ही पाटी लागत राहिली.

अखेर १९९१ साली या कायद्यात दुरुस्ती होऊन एक नवे प्रकरण जोडले गेले, आणि १९९२ च्या फेब्रुवारीत केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण अस्तित्वात आले. सान्यालांच्या ग्रंथाला तेव्हा बरोबर शंभर वर्षे झाली होती. एक अध्यक्ष, एक सदस्य-सचिव आणि जास्तीत जास्त दहा सदस्य, अशी त्याची रचना. निवारा, निगा व वैद्यकीय उपचार यांची किमान प्रमाणे ठरविणे, त्यांवर संग्रहालयांची पारख करणे, मान्यता देणे अथवा काढून घेणे, ही त्याची कामे. तांत्रिक सल्ला देणे आणि कर्मचाऱ्यांना शिक्षण मिळवून देणे हीही जबाबदारी त्याच्यावर आहे. मान्यतेवाचून संग्रहालय चालविणे बेकायदा ठरले, आणि पिंजऱ्यातील प्राण्याला डिवचणेही गुन्हा झाले. नियमांनी आठवड्यातून एक दिवस दार बंद ठेवावयास सांगितले. प्रेक्षकाला यातले हेच तेवढे जाणवते, आणि तो बहुधा कुरकुरतो!

प्राधिकरणाने स्वतः दिलेल्या एका हिशेबानुसार ५१३ संग्रहालयांची पारख झाली. १६७ ना मान्यता मिळाली, ३४६ ना नाकारली गेली, आणि त्यांपैकी ९२ बंद होऊन त्यांतील प्राणी अन्यत्र हलविले गेले. म्हणजे तपासलेल्यांपैकी दोनतृतीयांश संग्रहालये त्या नावास पात्र नव्हती. पुण्याच्या पेशवे पार्कातील प्राणीही पुढे कात्रजच्या प्रशस्त उद्यानात गेले. मात्र कागदावरची मान्यता म्हणजे प्राण्याच्या सुरक्षिततेची हमी नव्हे. २००० सालच्या जुलै महिन्यात ओरिसातील नंदनकानन या नामांकित उद्यानात माश्यांमुळे पसरणाऱ्या एका रोगाने थोड्याच दिवसांत बारा-तेरा वाघ दगावले, तेव्हा सल्ला आणि देखरेख यांच्यातले अंतर साऱ्या देशाला दिसले.

सर्वांत अवघड जबाबदारी प्राधिकरणावर आली ती सर्कशीतून. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांचे खेळ करण्यास सरकारने १९९८ साली बंदी घातली, आणि २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तंबूतून बाहेर काढलेले सिंह आता ठेवायचे कोठे? त्यांच्यासाठी जयपूर, भोपाळ, तिरुपती, विशाखापट्टणम, बंगलोर, मद्रासजवळचे वंडलूर अशा ठिकाणी बचाव केंद्रे उभारली गेली. यांतील बहुतेक सिंह आफ्रिकी आणि गीरच्या सिंहांच्या संकरातले होते. त्यामुळे त्यांना रानात सोडता येईना, आणि शुद्ध जातींत मिसळूही देता येईना. त्यांना खाद्य, औषध आणि फिरण्यापुरते अंगण मिळाले; वंश मात्र वाढू दिला गेला नाही. एकेक सिंह म्हातारा होऊन गेला, आणि त्याची जागा मुद्दाम रिकामी ठेवण्यात आली.