विचाराची पायवाट

प्रतिभा ही दैवी देणगी असून ती लाभली तर लाभली, अशी सुशिक्षितांची एक सोयीस्कर समजूत आहे. सोयीस्कर अशासाठीं कीं, तिच्यामुळें स्वतःच्या कामाच्या संवयी तपासण्याचा त्रास वाचतो. या समजुतीस छेद देणारें एक उदाहरण आमच्या पुनावळ्याच्या अगदीं शेजारचें आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म १९०७ सालीं गोव्यांत झाला. १९२९ मध्यें हार्वर्डची पदवी घेऊन ते परतले आणि पुढें फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवूं लागले. इतिहास हा त्यांचा विषय नव्हे. परंतु संख्याशास्त्र नुसतें वाचून येत नाहीं, तें वापरूनच शिकलें पाहिजे, या विचारानें त्यांनीं प्रथम विद्यार्थ्यांच्या परीक्षेंतील गुण तपासले आणि नंतर प्राचीन आहत नाणीं हातीं घेतलीं. नाणें जितकें अधिक फिरतें तितकें झिजतें. त्याचें वजन घटतें आणि नाण्यानाण्यांतील वजनाची तफावत वाढते. तेव्हां तराजू हाच कालगणनेचा साक्षी होऊं शकेल, हें त्यांनीं ताडलें. आणि हजारों नाणीं स्वतः तोलून पाहिलीं.

पण नाणीं पाडलीं कोणीं? या प्रश्नानें त्यांस इतिहासाकडे नेलें, इतिहासानें संस्कृताकडे. त्यांतूनच भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति १९४८ सालीं प्रसिद्ध झाली. ग्रंथांत सामान्य माणसाचा आवाज क्वचितच सांपडतो, हें जाणवतांच ते टेकड्या व शिवारें पायीं तुडवूं लागले. जुन्या वाटांच्या तिठ्यावर शेंदूर फांसलेली ग्रामदेवता आणि तिच्या आसपास गारगोटीचीं सूक्ष्म हत्यारें, असा मेळ त्यांस आढळला. वाकडचा म्हातोबाही त्यांच्या विचारकक्षेंत आला. १९६२ मधील त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या ग्रंथांत या भटकंतीचें फळ पाहावयास मिळतें.

त्यांचे सर्वच निष्कर्ष पुढील अभ्यासकांनीं स्वीकारले असें नाहीं. तथापि ही प्रतिभा आकाशांतून उतरलेली नव्हती, एवढें तरी यावरून दिसतें. एका प्रश्नाचें उत्तर दुसऱ्या प्रश्नाच्या दारीं सोडून देई आणि तें दार परक्या शास्त्राचें आहे म्हणून ते परत फिरत नसत.

हें लिहितांना मला माझी स्वतःची संवय लपवितां येत नाहीं. पंचवीस वर्षें मी टेबलाशीं बसून, दुसऱ्यांच्या पुस्तकांतून टिपणें काढून, कांहीं नवें सुचण्याची वाट पाहत आलों. पुनावळ्याच्या एका बांधावर शेंदराचा दगड होता. तेथूनच माझें रोज जाणें-येणें. त्या देवाचें नांव काय, त्याला कोण पुजतें, हें एखाद्या म्हाताऱ्यास विचारावें असें अनेकदां मनांत आलें. पण हातांतील प्रकरण संपूं दे, असें म्हणून मी पुढें जात राहिलों. आज तेथें उंच इमारतीची कुंपणभिंत आहे. प्रकरण संपलें, तें कोणी वाचलें असेल असें वाटत नाहीं.

वाकड, ताथवडे, पुनावळे, सगळीकडे शिवाराची वस्ती होत आहे. ती होणारच, तिला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. मात्र स्फूर्ति येईपर्यंत पुरावा आपल्यासाठीं थांबत नसतो. उद्यां सकाळीं फिरावयास निघतांना खिशांत एक वही ठेवावी, एवढेंच मी स्वतःस बजावलें आहे.