गिझरची विद्युत जोडणी आणि तापनियंत्रण

गिझर हे नळाचे पाणी तापवण्याचे घरगुती उपकरण आहे. साठवणुकीच्या विद्युत गिझरमध्ये पाण्याचे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. या उपकरणात वीज, पाणी, उष्णता आणि दाब एकाच ठिकाणी येत असल्यामुळे त्याच्या जोडणीला घरातील विद्युत सुरक्षिततेत विशेष महत्त्व आहे.

नाव

आइसलँडमधील ‘गेसिर’ या उष्ण पाण्याच्या कारंज्यावरून हा शब्द इंग्रजीत आला आणि तेथून मराठीत रूढ झाला. लंडनमधील बेंजामिन वॅडी मॉघन यांनी १८६८ साली वायूवर चालणारे पाणी तापवण्याचे यंत्र तयार केले व त्याला हेच नाव दिले.

मीरा-भाईंदरमधील वापर

युरोपातील अनेक घरांत काँबी बॉयलर हे एकच यंत्र खोल्या तापवते आणि नळाला गरम पाणीही पुरवते. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर शहर किनारपट्टीच्या उष्ण व दमट हवामानात वसलेले असल्याने तेथे खोल्या तापवण्याची गरज नसते. तेथील सदनिकांत विद्युत गिझर किंवा वायू गिझर वापरला जातो. शहराला प्रामुख्याने अदानी इलेक्ट्रिसिटी ही कंपनी वीज पुरवते, तर महानगर गॅस ही कंपनी नळाद्वारे नैसर्गिक वायू पुरवते.

इमारतींमध्ये पाणी बहुधा गच्चीवरील टाकीतून खाली येते. दर १० मीटर उंचीमागे पाण्याचा दाब सुमारे १ बारने वाढतो. त्यामुळे उंच इमारतीत दाब कमी करणारी झडप नसल्यास खालच्या मजल्यांवरील गिझरवर अधिक दाब येतो. गिझर निवडताना त्याची दाबक्षमता पाहणे आवश्यक ठरते.

रचना

गिझरच्या टाकीत तापवणारी कॉइल, थर्मोस्टॅट आणि थर्मल कटआउट असतात. पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट कॉइलचा वीजपुरवठा तोडतो आणि पाणी थंड झाल्यावर तो पुन्हा जोडतो. थर्मोस्टॅट बिघडून पाणी तापतच राहिले, तर कटआउट अधिक उच्च तापमानाला पुरवठा बंद करतो. अनेक गिझरमध्ये कटआउट आपोआप पूर्ववत होत नाही. बिघाड शोधून तो हाताने पूर्ववत करावा लागतो. विजेचे हे दोन्ही अडथळे निकामी झाले, तर वाढलेला दाब बाहेर सोडण्यासाठी सुरक्षा झडप असते. साठवणुकीच्या विद्युत गिझरसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस २०८२ हे मानक लागू आहे.

जोडणी

२,००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर, तर ३,००० वॅटचा गिझर सुमारे १३ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो. म्हणून त्यासाठी ६ अँपिअरचा सॉकेट चालत नाही. १६ अँपिअरचा सॉकेट किंवा २० अँपिअरचा डीपी स्विच, पुरेशा जाडीची तांब्याची स्वतंत्र तार आणि स्वतंत्र एमसीबी वापरतात. डीपी स्विच फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा एकाच वेळी तोडतो. तो न्हाणीघराबाहेर बसवणे अधिक सुरक्षित असते.

गिझरच्या आत कटआउट, थर्मोस्टॅट आणि कॉइल एकसर जोडणीत असतात. अर्थिंगची तार टाकीच्या धातूला जोडलेली असते. कॉइलच्या आवरणाला तडा गेल्यास वीज पाण्यात उतरू शकते. अशा वेळी गळतीचा प्रवाह अर्थिंगमधून जातो. फेज व न्यूट्रलमधील प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्यापूर्वी किंवा पडताच आरसीसीबी पुरवठा तोडतो. एमसीबी जादा भार व शॉर्टसर्किट यांपासून संरक्षण देतो; इतका लहान गळतीचा प्रवाह तो ओळखत नाही. त्यामुळे एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

स्मार्ट नियंत्रण

मोबाइल फोनवरून गिझर चालू-बंद करण्यासाठी १६ अँपिअर क्षमतेचे स्मार्ट प्लग व स्विच मिळतात. ते गिझरच्या आधी जोडले जातात आणि संपूर्ण पुरवठा नियंत्रित करतात. त्यांना टाकीतील पाण्याचे तापमान कळत नाही. ते काम मूळ थर्मोस्टॅटकडेच राहते. बहुतेक स्मार्ट स्विचना न्यूट्रल तार लागते, मात्र जुन्या घरांच्या स्विचबोर्डात ती नेहमीच उपलब्ध नसते.

वेळ ठरवताना साधे गणित उपयोगी पडते. १५ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे ०.६१ युनिट वीज लागते. उष्णतेचा ऱ्हास न धरता २,००० वॅटच्या गिझरला त्यासाठी सुमारे १८ मिनिटे लागतात.

काँबी बॉयलरला जोडलेला स्मार्ट थर्मोस्टॅट सहसा खोलीचे तापमान मोजून बॉयलरला उष्णतेची मागणी कळवतो. हा संकेत व्होल्टरहित संपर्क, २३० व्होल्टची स्विच केलेली फेज किंवा ओपनथर्म या दोन तारांच्या प्रणालीतून जातो. यांपैकी कोणती पद्धत लागू आहे हे बॉयलरच्या पुस्तिकेवरून ठरते. व्होल्टरहित संपर्काच्या जागी २३० व्होल्ट जोडल्यास उपकरण निकामी होऊ शकते.

धोके आणि देखभाल

थर्मोस्टॅट बिघडल्यावर तो वगळून कॉइल थेट पुरवठ्याला जोडण्यास बोलीभाषेत ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. यानंतर पाणी तापत असल्याने गिझर दुरुस्त झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तापमानावरचे दैनंदिन नियंत्रण नाहीसे झालेले असते. कटआउटही वगळला असेल, तर टाकी फुटण्यापासून वाचवणारी सुरक्षा झडप एवढाच अडथळा उरतो. स्मार्ट स्विचमधील वेळेची मर्यादा ही उणीव भरून काढत नाही. अशा वेळी थर्मोस्टॅट बदलणे हाच योग्य उपाय असतो.

आरसीसीबीवरील चाचणीचे बटण ठरावीक काळाने दाबून पाहावे. झाकण उघडण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करावा आणि जोडणी परवानाधारक वीजतंत्रीकडून करून घ्यावी. वायू गिझरमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा वेगळा धोका असतो. हा वायू रंगहीन व गंधहीन असल्यामुळे हवा खेळती नसलेल्या न्हाणीघरात असा गिझर वापरणे जीवघेणे ठरू शकते.