द्व्यर्थी प्रतिमा

ज्या एकाच आकृतीचे दोन किंवा अधिक सुसंगत अर्थ लागू शकतात, तिला द्व्यर्थी प्रतिमा असे म्हणतात. अशी प्रतिमा पाहताना कागदावरील रेषा बदलत नाहीत. पाहणाऱ्यास मात्र आळीपाळीने भिन्न वस्तू दिसतात. वस्तू ओळखण्यात डोळ्यांइतकाच मनाचाही वाटा असतो, हे यावरून स्पष्ट होते.

प्रसिद्ध उदाहरणे

स्विस शास्त्रज्ञ लुई नेकर यांनी १८३२ मध्ये वर्णिलेल्या घनाकृतीची पुढची बाजू पाहता पाहता मागे जाते. जोसेफ जॅस्ट्रो यांनी १८९९ मध्ये चर्चेत आणलेले चित्र कधी बदक, तर कधी ससा भासते. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात एका स्तंभावर चार हरणांना मिळून एकच मस्तक कोरलेले आहे. ज्या धडाकडे पाहावे, त्याचेच ते मस्तक वाटते.

मनाचे अनुमान

दृष्टिपटलावर उमटणारी प्रतिमा सपाट असते. तीवरून वस्तूची खोली, कडा आणि ओळख मन पूर्वानुभव व संदर्भ यांच्या आधारे ठरवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी या क्रियेला नकळत केलेले अनुमान मानले. दोन अनुमाने तुल्यबळ ठरली, की मन एकावर स्थिर राहत नाही.

पेण येथील साचे

रायगड जिल्ह्यातील पेण हे गणेशमूर्तींसाठी प्रसिद्ध आहे. डोळ्यांची आखणी व्हायची असलेली, रंग न दिलेली मूर्तीही सोंडेचा बाक, रुंद कान व उदर एवढ्यावरून ओळखता येते. उरलेले मन पूर्ण करते.

मूर्तिकामातील साचा मूर्तीच्या उलट, म्हणजे आतून पोकळ असतो. गौरीच्या मुखवट्यासारखा मानवी चेहरा असलेल्या साच्याची आतली बाजू थोड्या अंतरावरून, एक डोळा मिटून पाहिल्यास खोलगट चेहरा उठावदार भासतो. नाक पुढे आलेले असते, हा जन्माचा अनुभव येथे प्रत्यक्ष पुराव्यावर मात करतो. साचा पोकळ आहे हे ठाऊक असूनही भास टिकतो. बोट लावले म्हणजे मात्र पोकळपणा कळतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ रिचर्ड ग्रेगरी यांनी या भासाचा विशेष अभ्यास केला.

रज्जुसर्प

भारतीय तत्त्वज्ञानात दोरीच्या ठिकाणी साप दिसणे हा भ्रमाचा नेहमीचा दृष्टान्त आहे. पेण-रोहे परिसरातील भातशेतीच्या बांधावरून पावसाळ्यात तिन्हीसांजेला चालणाऱ्यास तो केवळ दृष्टान्त राहत नाही. दोरीला साप समजल्यास क्षणभर भीती वाटते. सापाला दोरी समजल्यास प्राणावर बेतू शकते. त्यामुळे अंधूक प्रकाशात मनाचा कल धोक्याच्या अर्थाकडे झुकणे हितकारक ठरते. विजेरीच्या उजेडात तपशील दिसू लागले, की दोनांपैकी एक अर्थ गळून पडतो. संदिग्धता अधिक विचाराने नव्हे, तर अधिक माहितीने मिटते. तोवर पाऊल मागे घेणे हेच शहाणपणाचे असते.